कुंभारीला स्टेशन नाही

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. वादळाला मी भीत नाही! एकतीस वर्षं रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात कानाला फोन लावून बसलेला माणूस कशालाच भीत नाही, बायको सोडली तर. मेल, मालगाड्या, रुळावर ठाण मांडून बसलेल्या म्हशी, सगळं मी एका खुर्चीत बसून, एका पेन्सिलीनं, एका कागदावर मार्गी लावलंय. वादळ म्हणजे तरी काय हो? वेळापत्रक नसलेली गाडी! कुठून तरी सुटते, कुठं तरी पोचते. मधल्या स्टेशनांना विचारत जायचं, वेळा लिहीत जायच्या, की झालं.

असं मी मे महिन्यातल्या एका दुपारी प्रेमलाला सांगितलं. ती पंख्याखाली आडवी पडली होती. पंखा बंद होता, कारण वीज नव्हती. बाहेर त्रेचाळीस अंश. सोलापुरातल्या सात रस्ता चौकातलं डांबर चपलांना चिकटत होतं.

"हं," ती म्हणाली.

लग्नाला चौतीस वर्षं झाली की बायकोचा नुसता "हं" वाचता येतो. या "हं"चा अर्थ होता, करा काय करायचं ते, मला उठवू नका.

आता तुम्ही म्हणाल, निवृत्त माणसाला वादळाचं एवढं काय पडलंय? पडलं होतं. आठवडाभर रोज दुपारी चारनंतर वारं सुटायचं, आभाळ काळं व्हायचं. जिल्ह्यात कुठं तरी ढगातून हत्तीच्या सोंडेसारखी वावटळ खाली उतरली आणि गोठ्याचे पत्रे घेऊन गेली, असा एक व्हिडिओ गल्लीतल्या प्रत्येकाच्या फोनवर फिरत होता. सरकारी इशारा तर दिवसातून दोनदा फोनमध्ये किंचाळायचा. पोरानं, हृषीकेशनं, हैदराबादेतून मला एक रडारचं अ‍ॅप पाठवलं. त्यात हिरवं, पिवळं, लाल असं काय काय सांडलेलं दिसायचं, जणू पंगतीत कुणाचं ताट पालथं झालंय. मला त्यातून ओ की ठो कळेना. म्हणून मी माझी स्वतःची पद्धत काढली.

केमला सयाजी आहे. माझ्या काळातला सांधेवाला, म्हणजे रुळांचे सांधे बदलून गाडी या लाइनीवरून त्या लाइनीवर घालणारा, आता स्टेशनाला लागूनच शेती करतो. कुर्डुवाडीत एक जण, माढ्यात एक, मोहोळात एक, सगळी जुनी माणसं. वादळ दिसलं की त्यांनी फोन करायचा. भिंतीवर मी ट्रेन चार्ट लावला. आडवी वेळ, उभी स्टेशनं. पुण्याकडून सोलापूरकडं येणारी गाडी डाउन, उलट जाणारी अप. गाडी पुढं सरकली की पेन्सिलीची तिरकी रेघ पुढं सरकते. केम, कुर्डुवाडी, माढा, मोहोळ, पाकणी, बाळे, सोलापूर. रेघ ओढत गेलं की पोचायची वेळ आपोआप कळते. यात चुकायला जागाच नाही!

आमच्या गच्चीवर पत्र्याची एक खोली आहे. तिथं सारजाबाई राहतात, मूळच्या अक्कलकोट रस्त्यावरच्या कुंभारीच्या. एकट्या बाई, कडक भाकऱ्या करून विकतात. पापडासारखी पातळ ज्वारीची भाकरी चुलीवर भाजायची, मग दोन दिवस वाळवायची. कडकडीत झाली की महिनाभर टिकते. पण थेंबभर पाणी लागू द्या, मेली वातड होते, मग जनावरालाही नको. मागच्या वर्षी अवकाळीनं त्यांचा माल भिजवला आणि होतं ते एकुलतं एक मोठं गिऱ्हाईक तुटलं. वर्षभर बाई गल्लीत दहा-दहा, वीस-वीस विकत बसल्या. आता पुण्याची अंकिता नावाची एक दुकानदार मुलगी भेटली होती. तिची पहिली ऑर्डर आठशे भाकऱ्यांची. गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला ती स्वतः टेम्पो घेऊन येणार, माल पसंत पडला तर दर महिन्याला तेवढीच ऑर्डर, वर्षभर.

गुरुवारी दुपारी सारजाबाई गच्चीवरून खाली आल्या. "काका, आज बी येतंय का हो वादाळ? आटशे भाकरी वाळत घातल्याती. भिजल्या तर माजं काय खरं न्हाय बगा."

"सारजाबाई," मी म्हणालो, "मी आहे ना!"

आतल्या खोलीतून "हं" ऐकू आलं.

चौदा दहाला, म्हणजे तुमच्या भाषेत दोन दहाला, सयाजीचा फोन आला.

"साहेब! आलं! काळंकुट्ट हाय! आन् मदीच सोंड लोंबतीया!"

"कुठल्या बाजूला?"

"कुर्डुवाडीच्या अंगाला निघालंय. लई जोरात!"

मी चार्टवर टिंब दिलं. केम, चौदा दहा. पंचवीस मिनिटांनी कुर्डुवाडीचा फोन. पत्रे वाजतायत, धूळ उडतीय. दुसरं टिंब! पट्टी लावली, रेघ ओढली. रेघ थेट सोलापुरात उतरली, सोळा चाळीसला. चार चाळीस! हातात दोन तास. मला काय उत्साह आला म्हणून सांगू! निवृत्तीनंतर सहा वर्षांत पहिल्यांदाच माझी कुणाला तरी गरज होती. मी गल्लीच्या ग्रुपवर लिहिलं, "डाउन वादळ केमहून सुटले. सोलापूर १६.४०. पश्चिमेकडून येईल. वाहने पूर्वेकडे लावावीत."

आणि कामाला लागलो. म्हणजे मी सूचना द्यायला लागलो, कामाला बायका लागल्या.

आधी भाकऱ्या बाजांवरून उचलून सारजाबाईंच्या खोलीत नेल्या. आठ दुरड्या, एकेकीत शंभर. त्या ठेवून होताहेत तोच माझं लक्ष वर गेलं. पत्रा! सोंड आली तर आधी पत्राच जाणार!

"खाली न्या," मी म्हणालो. "मागच्या पडवीत. पडवी पूर्वेला आहे. वादळ पश्चिमेकडून येणार, म्हणजे अख्खं घर मध्ये आडवं. पडवीइतकी सुरक्षित जागा नाही!"

"अहो, जिन्याखालीच मधली खोली आहे," प्रेमला म्हणाली. पदरानं तिनं मान पुसली. "तिथं ठेवू या की. पडवी म्हणजे स्वयंपाकघर ओलांडून, दोन पायऱ्या उतरून. माझे गुडघे बघा जरा."

"मधल्या खोलीला पश्चिमेची खिडकी आहे! काच फुटली की सगळं आत! प्रेमला, एक सोय बघायची की सुरक्षा?"

प्रेमला काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मी ते होकार म्हणून धरतो. ही सवय वाईट आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

ठरलं असं, की सारजाबाईंनी दुरड्या जिन्याच्या तळापर्यंत आणायच्या आणि तिथून पुढं प्रेमलानं न्यायच्या. मी गच्चीवर पश्चिमेकडं तोंड करून खुर्ची टाकली. मांडीवर चार्ट, एका हातात माझा फोन, दुसऱ्या हातात सारजाबाईंचा. माझा केम-कुर्डुवाडीसाठी, त्यांचा माढा-मोहोळसाठी. कंट्रोलमध्ये दोन लाइनी लागतातच.

शेजारचे उदयसिंहराव, निवृत्त हेडमास्तर, खालून ओरडले, "यज्ञेश्वरराव! स्कूटर कुठं लावू?"

"मागं! पूर्वेच्या लिंबाखाली!"

"नक्की?"

"एकतीस वर्षांचा अनुभव आहे, उदयसिंहराव!"

त्यांनी स्कूटर ढकलत नेली. मग चार घरांच्या स्कूटरी गेल्या. मला बरं वाटलं. सगळी वाहतूक माझ्या शब्दावर हलत होती.

साडेतीन वाजायला आले, तरी माढ्याचा फोन नाही. मीच लावला.

"वादळ?" माढ्याचा माणूस म्हणाला. "हितं तर ऊन तापलंय, साहेब. वारं बी न्हाय."

मी चार्टकडं पाहिलं. रेघेप्रमाणं वादळ माढा सोडून पुढं जायला हवं होतं. पण गाडी उशिरा धावते म्हणजे ती येत नाही असं थोडंच आहे? मी ग्रुपवर लिहिलं, "डाउन वादळ कुर्डुवाडी-माढा दरम्यान थांबले आहे. सुधारित वेळ कळवण्यात येईल."

प्रेमला जिन्याच्या पायरीवर टेकून फोनवर ते वाचत होती. "वादळ थांबतं?" तिनं विचारलं.

"क्रॉसिंग असेल. समोरून येणाऱ्या गाडीला वाट देत असेल."

"कुणाशी?"

हा प्रश्न तिनं थकून, सहज विचारला होता. मीही थकून, सहज सोडून दिला. पुढचं सगळं रामायण टळलं असतं, जर मी त्याचा नीट विचार केला असता.

एवढ्यात सारजाबाईंचा फोन वाजला. मी उचलला. "बोला मोहोळ!"

"मोहोळ न्हाय, बिरप्पा बोलतोय. सारजाचा भाऊ. कुंभारीस्नं."

"मग?"

"सारजाला द्या की जरा. हितं लई..."

"हे बघा, बिरप्पा, लाइन मोकळी ठेवायची आहे. वादळाचं काम चालू आहे."

"व्हय, वादळाचंच सांगतोय! हितं अक्कलकोटाच्या अंगाला..."

"कुंभारीला स्टेशन आहे का?"

"न्हाय."

"मग ठेवा!"

आणि मी ठेवला. आज हे लिहिताना मला माझीच लाज वाटते, पण त्या वेळी मला अगदी बरोबर वाटत होतं. चार्टवर जे नाही ते विचारात घ्यायचं नाही, हे एकतीस वर्षं मी नव्या पोरांना शिकवलं होतं. बिरप्पानं आणखी चार वेळा फोन केला. चारही वेळा मी कापला.

तोवर दुरड्या खाली गेल्या होत्या. सारजाबाईंना मी खोलीच्या पत्र्यावर वजनं ठेवायला लावलं. पाटा, वरवंटा, जुनी ट्रंक, फुटका कुकर, जे सापडेल ते! बाई घामानं निथळत होत्या. "काका, भाकरी नीट हायत न्हवं पडवीत?" त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"बँकेत ठेवल्यासारख्या!" मी म्हणालो.

चार वाजून गेले. पश्चिमेला स्वच्छ ऊन. मोहोळ म्हणतंय, काही नाही. पाकणी म्हणतंय, काही नाही. मी डोळ्यांवर हात धरून बाळ्याच्या दिशेनं बघत होतो. तेवढ्यात मागचा पत्रा खडखडला. मानेवर गार वारं लागलं. मागून.

प्रेमला धापा टाकत जिन्यातून वर आली. "अहो, मागं बघा!"

"मागं काय बघायचं? मोहोळ पुढं आहे!"

"अहो, बघा तर खरं!"

मी वळलो. पूर्वेचं सगळं आभाळ काळंनिळं झालं होतं आणि त्याच्या खाली, अक्कलकोट रस्त्याच्या बाजूनं, धुळीची एक तांबडी भिंत सरळ आमच्या घराकडं चालत येत होती. मी डाउनची वाट बघत होतो आणि अप आलं होतं!

पुढची बारा मिनिटं काय झालं ते मी क्रमानं सांगू शकत नाही, कारण क्रम नव्हताच. खुर्ची गेली. चार्ट गेला. माझ्या हातून चार्ट उडाला तो आजतागायत सापडला नाही. आम्ही तिघं जिन्यातून जवळपास घरंगळतच खाली आलो. प्रेमला स्वयंपाकघराच्या दाराला पाठ लावून उभी राहिली, मी आणि सारजाबाई पडवीकडं धावलो.

पडवीत वारं समोरून, अगदी आमंत्रण दिल्यासारखं आत शिरत होतं. आणि भाकऱ्या उडत होत्या! कडक भाकरी किती हलकी आणि किती कडक असते ते मला तोपर्यंत माहीत नव्हतं. एकेक भाकरी दुरडीतून तिरकी उठायची, गरकन फिरायची आणि भिंतीवर जाऊन फुटायची. काही घराला वळसा घालून गल्लीत गेल्या. उदयसिंहराव स्कूटर आणायला बाहेर पडले होते. एक भाकरी त्यांच्या टकलावर टक् करून आपटली.

"यज्ञेश्वरराव!" ते त्या गोंधळातही ओरडले. "हे डाउन का अप?"

त्यांना उत्तर मिळायच्या आधी लिंबाची फांदी पाचही स्कूटरींवर बसली.

सारजाबाई दोन्ही हात पसरून दुरडीवर पालथ्या पडल्या होत्या. मी ताडपत्री शोधत होतो. ताडपत्री कुठं होती? पश्चिमेच्या खिडकीवर! मीच बांधली होती, चार गाठी मारून! तेवढ्यात पाऊस आला, थेंबाथेंबानं नाही, बादली ओतल्यासारखा, आणि मागोमाग गारा. पडवीभर भाकऱ्यांचा लगदा झाला.

मग जसं आलं तसं ते गेलं. पाऊस थांबला, ऊनसुद्धा पडलं. सारजाबाई ओल्या पडवीत खाली बसल्या होत्या. रडत नव्हत्या, मला बोलत नव्हत्या. फुटलेल्या भाकरीचे तुकडे वेचून ओच्यात टाकत होत्या, जसं काही त्यांचं पुढं काही होणार होतं.

"दोन दीस भाजत हुते," त्या एवढंच म्हणाल्या.

या बाईचं मागच्या वर्षीचं गिऱ्हाईक आभाळानं तोडलं होतं. या वर्षीचं मी तोडलं. मी त्यांच्याशेजारी खाली बसलो आणि म्हणालो, "सारजाबाई, माझं चुकलं."

मागून प्रेमला आली. दाराला पाठ लावून लावून तिची पाठ धरली होती. तिनं पडवीकडं पाहिलं, सारजाबाईंकडं पाहिलं, आणि माझ्याकडं बघायचं टाळलं.

"सारजा, ऊठ," ती म्हणाली. "इथं तीनच दुरड्या होत्या."

"आँ?"

"तीन आणल्या आणि माझे गुडघे गेले. स्वयंपाकघर ओलांडा, पायऱ्या उतरा, परत चढा. कोण करणार? बाकीच्या पाच मी मधल्या खोलीत ठेवल्या. यांच्या पलंगावर."

आम्ही मधल्या खोलीत धावलो. खिडकी बंद, काच शाबूत, बाहेरून माझीच ताडपत्री. पलंगावर पाच दुरड्या, वर माझं दुलईचं पांघरूण! सारजाबाईंनी वरची भाकरी उचलली आणि मोडली. कडाक् आवाज आला. एकतीस वर्षांत कुठल्या मेलची शिट्टी मला एवढी गोड लागली नव्हती.

आता सारजाबाई रडल्या. प्रेमलाच्या गळ्यात पडून.

साडेपाचला गेटापाशी मोटरसायकल थांबली. धोतर, फेटा, चिखलानं माखलेला एक म्हातारा, मागं दोरीनं बांधलेली मोठी ताडपत्री. बिरप्पा! मला वाटलं, आता चार शिव्या खायच्या. म्हाताऱ्यानं चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाला, "काका, पाच येळा फोन केला की. आमच्या हितनं तुमच्याकडं यायला त्याला पाऊण तास लागला. तेवढ्यात आटशे काय, आट हजार भाकरी उचलून झाल्या असत्या."

"हो," मी म्हणालो.

"मग आता कुंभारीला ठेसन द्याल न्हवं?"

प्रेमला हसली. त्या दिवसातलं तिचं ते पहिलं हसणं. मी पण हसलो, पण जरा उशिरानं.

सहाला सयाजीचा फोन आला. "साहेब, पोचलं का वादाळ?"

"तुझं कुठलं पोचतंय! ते कुठं गेलं?"

"ते व्हय? कुर्डुवाडीतनं बार्शीला वळलं की. मला वाटलं, तुमाला ठावं आसंल."

कुर्डुवाडीतून बाजूला फुटणारी बार्शी लाइन! कुर्डुवाडीत सांधा बदलला आणि कंट्रोलरला पत्ता नाही! नोकरीत असतो तर माझ्यावर चौकशी बसली असती.

अंकिता साडेसहाच्या ऐवजी सातला आली. झाडं पडली होती म्हणाली. तिशीच्या आतली, चटपटीत मुलगी. सारजाबाईंनी काही लपवलं नाही. पाचशे हाईत, तीनशे भिजल्या, असं सरळ सांगितलं. अंकितानं एक भाकरी मोडली, खाल्ली, मग अख्खी हकीकत ऐकली. ऐकता ऐकता ती तीनदा खुर्चीवरून पडायची राहिली.

"पाचशे नेते," ती म्हणाली. "तीनशे पुढच्या गुरुवारी द्या. ऑर्डर वर्षभर पक्की. फक्त माझी एक अट आहे, मावशी."

"काय?"

"तुमच्या मालाला या काकांनी हात लावायचा नाही."

"हात कुठं लावला मी!" मी म्हणालो. "मी फक्त सूचना..."

"सूचना पण नाही," तिघी एकदमच म्हणाल्या.

तर आता परिस्थिती अशी आहे. उदयसिंहरावांच्या स्कूटरचा आरसा मी बसवून दिला, गल्लीच्या ग्रुपचं ॲडमिनपद माझ्याकडून काढून घेण्यात आलं, आणि राहिलेल्या तीनशे भाकऱ्यांचं ज्वारीचं पीठ रोज सकाळी मी चाळतो. तेवढी परवानगी आहे. भिंतीवर नवा चार्ट लावलाय. त्यात बाळे, सोलापूर, टिकेकरवाडी, होटगी, आणि बाजूला लाल शाईनं कुंभारी. रूळ नसलेलं स्टेशन मी नोकरीत कधी काढलं नव्हतं.

बुधवारी दुपारी परत आभाळ भरलं. गच्चीवर तीनशे भाकऱ्या वाळत होत्या. फोन वाजला. मी पहिल्याच घंटीला उचलला.

"बोला कुंभारी!"

"काका," बिरप्पा म्हणाला, "निघालंय. पाऊण तास हाय. पण तुमी काय करू नगा, नुसतं सारजाला द्या."

मी फोन सारजाबाईंना दिला आणि खुर्चीत बसून राहिलो. जिन्यातून दुरड्या खाली यायला लागल्या. सगळ्या मधल्या खोलीत. माझ्या पलंगावर जागा उरली नाही, हे माझ्या लक्षात आलं, पण सूचना द्यायची नव्हती.

"प्रेमला," मी शेवटी अगदी हळू विचारलं, "मी आज झोपायचं कुठं?"

"पडवीत," ती म्हणाली. "पडवीइतकी सुरक्षित जागा नाही."